पुढचं ॲप पाठवण्याआधी एवढं सांगा

प्रति,
शाळा, अंगणवाड्या आणि आरोग्य उपकेंद्रांसाठी ॲप मागवणारे, बनवणारे आणि त्यांचा आढावा घेणारे सर्व अधिकारी व तंत्रज्ञ यांस,

स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातला निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा. नोकरीची निम्मी वर्षं खडू-फळ्यात गेली आणि उरलेली ऑनलाइन माहिती भरण्यात, भरून घेण्यात. आता पेन्शनीत आहे, त्यामुळे नोटिशीची भीती नाही आणि शाबासकीची अपेक्षाही नाही. सून आरोग्यसेविका आहे, भाची अंगणवाडी सेविका. घरात चार माणसं जमली की बोलणं फिरून फिरून 'सर्व्हर डाऊन'वर येतं.

हे पत्र एका वाक्यामुळे लिहितोय. आढावा बैठकीत टक्केवारी कमी दिसली की समोरून हमखास येतं: "नवीन तंत्रज्ञान स्वीकारायची यांची मानसिकताच नाही." मग मानसिकता बदलायला एक दिवसाचं प्रशिक्षण लागतं. सकाळी हजेरीची सही, चहा-बिस्किटं, बाहेरून आलेले कुणी साहेब प्रेरणेवर बोलतात. म्हातारा गरुड दगडावर आपटून चोच तोडतो आणि नव्यानं जन्म घेतो ती गोष्ट होते. (ती साफ खोटी आहे, कुठल्याही विज्ञानाच्या मास्तराला विचारा.) शेवटच्या अर्ध्या तासात नवं ॲप कसं डाउनलोड करायचं ते दाखवतात आणि नेमकी तेव्हा हॉलमध्ये रेंज नसते.

साहेब, मानसिकता ठणठणीत आहे. ज्या कामातून करणाऱ्याला स्वतःच्या कामापुरतंही काही परत मिळत नाही, ते काम तो उरकून टाकतो, एवढंच झालंय.

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर या भागात नोकरदारांच्या घरीही द्राक्षबाग असते. ज्या गुरुजींना तुम्ही टेक्नॉलॉजीत मागे म्हणता, ते संध्याकाळी बांधावर उभे राहून फोनवर पावसाचा अंदाज बघतात, पानावरच्या डागाचा फोटो ग्रुपवर टाकून रोग कुठला, दावणी की करपा, ते विचारतात, आणि तासगावला बेदाण्याचे सौदे काय निघाले ते बघून झोपतात. त्याचा शासन निर्णय कधी निघाला नव्हता. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षातून निवडून तास-ए-गणेश हे वाण पुढं आणलं. १९६०च्या सुमारास राज्यातल्या द्राक्ष बागायतदारांचा संघ उभा राहिला. मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या द्रावणात घड बुडवायची पद्धत शिवारात आली. ते काम किती किचकट आहे ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. एकेक घड हातात धरायचा, ठरलेल्या अवस्थेतच बुडवायचा, द्रावणाचं प्रमाण चुकलं तर वर्षाची कमाई गेली. तरी ते गावोगाव पसरलं, कारण शेजारच्या बागेत फुगलेला मणी डोळ्यांनी दिसत होता, त्याला मिळालेला दर कानावर येत होता, आणि अडलं तर विचारायला तो शेजारी बांधापलीकडं हजर होता.

हे मी नव्यानं सांगतोय असं नाही. फ्रेड डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये हेच मांडलं. माणूस नवं साधन वापरेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरतं: माझ्या कामाला याचा उपयोग आहे का, आणि हे मला सोपं वाटतं का. दोन्हींत उपयोगाचं पारडं जड, असंही त्याला आढळलं. उपयोगाचं असेल तर माणूस थोडं अवघडही शिकून घेतो. आणि नुसतं सोपं असून कामाचं नसेल, तर त्याला कोण हात लावतो? त्याच सुमारास एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे दोन मानसशास्त्रज्ञ प्रेरणेवर काम करत होते. माणसाला आतून काम करावंसं वाटायला तीन गोष्टी लागतात, असं ते सांगतात: इथं माझं काही चालतं, मला हे जमतं, आणि माझी माणसं सोबत आहेत. घड बुडवणाऱ्याकडं तिन्ही होत्या. माझ्या सुनेकडं, ती ड्युटीवर असताना, यातलं किती असतं ते आता सांगतो.

गेल्या पावसाळ्यात तिची दुचाकी बिघडली म्हणून लसीकरणाच्या दिवशी तिला सोडायला गेलो आणि तिथंच बसून राहिलो. गाव खानापूर-आटपाडी पट्ट्यातलं, गलाईवाल्यांचं. कर्ते पुरुष सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेले. गावात बायका, लेकरं आणि म्हातारी माणसं. अंगणवाडीच्या ओट्यावर आया बाळं घेऊन बसल्या होत्या. सुनेनं चार बर्फाच्या पॅकमध्ये बसवलेलं व्हॅक्सिन कॅरिअर उघडलं, गोवर-रुबेलाची कुपी द्रावण घालून तयार केली आणि वर पेनानं वेळ लिहिली. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लसीची उघडलेली कुपी नियम पाळून २८ दिवस चालते, गोवर-रुबेलाची चार तासांत संपवायची, उरली तर टाकायची. म्हणजे कुपीवर वेळ लिहिली की घड्याळ पळायला लागलं.

पहिलीच आई नऊ महिन्यांची पोरगी घेऊन पुढं आली. कार्ड सोबत, आधीचे डोस वेळेवर, सगळं नीट. पण ॲपमध्ये पोरीची नोंद सापडेना. (कुठलं ॲप ते मुद्दाम लिहीत नाही, नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही.) नवी नोंद करायची तर आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी जाणार. तो नंबर नवऱ्याचा, आणि नवरा कोइमतूरला गलाईच्या दुकानात. फोन लावला, उचलला नाही, भट्टीसमोर असेल. पुन्हा लावला. "कसला ओटीपी? बँकेचा का? मी नाही देत जावा." त्याचंही बरोबर आहे, ओटीपी कुणाला सांगू नका असं बँकवाले आपल्याला सारखं बजावत असतात. शेवटी आईनं फोन ओढून घेतला. "अवो, पोरीच्या सुईचा हाय, सांगा की लवकर." त्यानं सांगितला तोवर मुदत संपलेली. मागं अकरा-बारा बायका, एक बाळ रडायला लागलं की सगळी रडतात. सुनेनं फोन पिशवीत टाकला, पोरीला लस दिली, कार्डावर लिहिलं, रजिस्टरला लिहिलं, टॅलीशीटवर रेघ मारली आणि आपल्या वहीत त्या आईचं नाव टिपून ठेवलं. रात्री भाकरी खाऊन झाल्यावर ती वही मांडीवर घेऊन ॲप भरत बसली होती.

एवढं करून तिला त्या ॲपनं काय दिलं? पुढच्या खेपेला कोणती बाळं राहिलीत, कुणाचा डोस चुकलाय, एवढी यादी तिला हवी असते. ती यादी ॲपमध्ये निघते, पण वरच्या लॉगिनला, तिच्या लॉगिनला नाही. ती आजही शंभरपानी वहीत हातानं यादी काढते. जी माहिती तिनंच भरली, तीच बघायला तिला परवानगी नाही. या एका गोष्टीवर मी तुमच्याशी तासभर भांडू शकतो.

शाळेचंही तसंच. जतच्या पूर्व भागात जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या शाळा आहेत. दाखल्यावर पोराचं नाव मलकारसिद्ध, आधारवर मलकारी, घरी आणि वर्गात मल्लू. पोर्टल म्हणतं नाव जुळत नाही. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवताना, आधारशी जुळलेला पटच धरायचा म्हटल्यावर त्या एका मल्लूवर शिक्षकाचं पद हलू शकतं. मग दोनशिक्षकी शाळेतले एक गुरुजी बापाला घेऊन आधार केंद्रावर, आणि दुसरे चार वर्ग एका खोलीत घेऊन बसलेले. शिराळ्याच्या डोंगराकडं तर पोषण आहाराची रोजची नोंद पाठवायला टेकाडावर चढणारे गुरुजी मी पाहिलेत. नोंद वेळेत गेली नाही तर खुलासा. पोरांनी जेवण नीट केलं का, हे मात्र त्या खुलाशात कुणी विचारत नाही.

मोबाईल परत करण्याची गोष्ट तुम्हाला आठवत असेलच. २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन कार्यालयांत नेऊन दिले. फोन तापायचे, अडकायचे, आणि नव्या ॲपमध्ये इंग्रजीशी झुंजावं लागायचं. तेव्हाही काही जण म्हणाले, बायकांना काम नकोय. त्याच बायकांनी त्याच्या आदल्या वर्षी कोरोनात घरोघर फिरून सर्वेक्षण केलं होतं, स्वतःच्या पायांनी, पुष्कळदा धड मास्कही हातात नसताना.

सगळंच वाईट आहे असं म्हणणारा मी नाही. क्षयरुग्णांची नोंद निक्षय पोर्टलवर होते. ती झाली की २०१८ पासून रुग्णाच्या खात्यावर पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये यायला लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. पैसे कधी रखडतात, ते वेगळं रडगाणं. पण तिथं आशाताई स्वतःहून मागं लागते, "बँकेचं पासबुक दाखवा, नाव घालायचंय." कारण नोंद केली की समोरच्या माणसाच्या घरात अंडी, शेंगदाणे, दूध येतं हे तिला दिसतं, आणि त्या घरी पुन्हा गेल्यावर तिला मान मिळतो. तिला यासाठी गरुडाची गोष्ट सांगावी लागली नाही.

आता लाल यादीबद्दल. सकाळी उठल्या उठल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एक्सेल शीट पडते. पन्नास टक्क्यांच्या खालचे लाल, वरचे पिवळे, नव्वदच्या पुढं हिरवे. खाली एक ओळ: "लाल रंगातील कर्मचाऱ्यांनी आज दुपारपर्यंत काम पूर्ण करून स्क्रीनशॉट टाकावा." यानं काम होतं असं तुम्हाला वाटतं, कारण संध्याकाळी शीट हिरवी होते. ती कशी होते ते आम्हाला विचारा. बाळाला काट्यावर ठेवून भरलेलं वजन आणि दुपारपर्यंत हिरवं व्हायचंय म्हणून अंदाजानं भरलेलं वजन, स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. कुपोषणाचे निर्णय मग त्या आकड्यांवर घेतले जातात. शिवाय, चारचौघांत लाल झालेल्या माणसाला 'मला हे जमतं' असं वाटणार कसं? जी बाई दोन दिवस रजेवर होती, ती लाल. जिच्या गावात टॉवरच नाही, ती लाल. आणि जिनं शेजारणीच्या मुलाकडून बसल्या जागी सगळं भरून घेतलं, ती हिरवी, तिच्या नावापुढं टाळ्यांचे इमोजी.

मग चालतं काय? त्यासाठी परदेशी जायला नको. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले, ते त्यांच्या वर्गाची अडचण होती म्हणून. ते पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, आठवा. पोरानं स्वतः करून शिकायच्या ज्ञानरचनावादी पद्धतीनं तिथल्या शाळा बदलल्या, राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले, आम्हीही गेलो. वर्गात बसून, फरशीवर रंगवलेल्या अक्षरं-आकड्यांशी खेळत पोरं कशी शिकतात ते बघितलं, तिथल्या बाईंना खोदून खोदून विचारलं आणि परत येऊन आपापल्या परीनं करून पाहिलं. जे बघून आले त्यांच्या वर्गात फरक पडला. पुढं २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आला, आणि ज्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं अशा शाळांतही फरशा ऑइलपेंटनं रंगल्या. फोटो छान आले. रंगलेल्या फरशीवर बसून पोरं पाढे घोकत होती.

आणि कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावचा भोंगा. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद होतात, पोरं पुस्तक घेऊन बसतात. सुरुवातीला आशा, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना समजावत होते. टीव्हीवाले आले, परदेशी पत्रकार आले, सगळ्यांनी त्याला मोबाईलविरोधी गाव म्हणून दाखवलं. मला त्यात वेगळंच दिसतं. गावानं बसून ठरवलं की आपल्याला कोणतं यंत्र कधी हवंय आणि कधी नको. भोंगा हेही यंत्रच की, आणि ते त्यांनी स्वतः निवडलं होतं. तोच भोंगा जिल्ह्यातल्या सगळ्या गावांनी अमुक तारखेपर्यंत बसवून जिओ-टॅग, म्हणजे जागेची नोंद असलेला, फोटो टाकावा असं पत्र निघालं असतं, तर काय झालं असतं ते तुम्हीच सांगा. निदान निम्मे भोंगे आज देवळाच्या खोलीत घोंगडीखाली असते.

आता मागणं. फार मोठं नाही, पैसेही फारसे लागत नाहीत.

नवं ॲप आलं की त्याच पत्रात लिहा, यामुळे कोणतं रजिस्टर आजपासून बंद. नुसतं तोंडी 'हळूहळू पेपरलेस करायचंय' असं नको, सहीनं. ज्या ॲपमुळे एकही वही बंद होत नाही ते पाठवूच नका. माझ्या सुनेच्या फोनात आज ॲपही आहे आणि कपाटात रजिस्टरंही आहेत, तपासणीला येणारे साहेब आधी रजिस्टर मागतात आणि मग ॲप.

जी माहिती जिनं भरली, ती तिला परत द्या, आणि तिला कामाला येईल अशा रूपात. लसीकरणाच्या आदल्या संध्याकाळी तिच्या फोनवर राहिलेल्या बाळांची यादी, वाडी-वस्तीप्रमाणे लावलेली, मराठीत. गुरुजींना त्यांच्या वर्गात कोण कुठं अडकलंय त्याची यादी. एवढं झालं तर टक्केवारी तुम्हाला मागावी लागणार नाही, ताई स्वतःच रात्री बघेल की यादी आली का.

ओटीपीला दुसरी वाट ठेवा. नवरा परगावी असणं हा आमच्या भागात अपवाद नाही, निम्म्या गावाचा तोच संसार आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचंही तेच. नेट नसताना नोंद फोनमध्ये साठावी आणि रेंज आली की आपोआप जावी, हे बनवणाऱ्यांना अशक्य नाही, बँकांची-बाजाराची कामं करताना ते कितीतरी अवघड गोष्टी करून दाखवतात.

प्रशिक्षणाला हॉल आणि व्याख्याता नको. ज्या उपकेंद्रात, ज्या शाळेत एखादी गोष्ट खरंच चालतेय, तिथं शेजारच्या चार जणींना दिवसभर पाठवा, त्या दिवसाची ड्युटी धरा, एसटीचं भाडं द्या. प्लॉट बघायला आम्ही शेतकरी असेच जातो, आणि येताना प्रश्न घेऊन येतो. शिकवणारीही त्यांच्यातलीच एक असू दे. "तुला हे बटण कुठं सापडलं गं?" हे एक आरोग्यसेविका दुसरीला मोकळेपणानं विचारते, स्टेजवरच्या साहेबांना विचारत नाही.

लाल यादी ग्रुपवर टाकणं आजच्या आज बंद करा. ज्याचं काम राहिलंय त्याला फोन करून विचारा, का राहिलं. दहांतली सात कारणं तुमच्या बाजूची निघतील, माझी पैज. आणि ती कारणं लिहून ठेवा, तोच तुमच्या पुढच्या आवृत्तीचा मसुदा.

शेवटचं, बनवणाऱ्या तंत्रज्ञांसाठी. ॲप सुरू करायच्या आधी एक दिवस उपकेंद्रावर या. मी सांगितलं त्या गावात आलात तरी चालेल, विट्याहून एसटी आहे. लसीकरणाचा वार बघून या, लॅपटॉप घरी ठेवा, ओट्यावर बसा आणि कुपीवर वेळ लिहिल्यापासूनचे चार तास नुसते बघत राहा. जेवणाची सोय आमच्याकडं. भाकरी, पिठलं, ठेचा. तिखट चालत नसेल तर आधी कळवा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख
तासगाव, जि. सांगली